गल्ल्याची किल्ली कोणाकडे?
स्त्रियांच्या लहान व्यवसायांचा इतिहास : एक अभ्यास

स्त्रीने व्यवसाय करणे ही बचत गटांच्या काळातील नवलाई आहे, असा समज सुशिक्षित वर्गात सर्रास आढळतो. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला तो मान्य नाही. बाजाराच्या दिवशी पाटीत भाजी घेऊन बसणारी, रानातून सरपणाची मोळी किंवा गवताचा भारा आणून गावात विकणारी, सुकी मासळी, बांगड्या, मडकी, केरसुण्या घेऊन दारोदार फिरणारी स्त्री आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहे. श्रमजीवी जातींतील स्त्रियांना घरात बसण्याची चैन कधीच परवडली नाही. तिच्या कमाईवर मालकी कोणाची, हा प्रश्न कायद्याच्या आणि बँकेच्या दारात उभा राहिला, तो मात्र अलीकडे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनाही तो समजावा, अशी अपेक्षा आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भार्या, पुत्र आणि दास या तिघांना निर्धन ठरविले आहे. त्यांनी मिळविलेले द्रव्य ते ज्याच्या मालकीचे त्याचे, असा तेथील आशय. स्त्रीने कमवू नये असे त्या ग्रंथाचे म्हणणे नव्हतेच, हे येथे लक्षात घ्यावे. तिने राबावे, मिळवावे. मात्र मिळकतीवर नाव दुसऱ्याचे असावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे या ग्रंथाचे दहन झाले, त्याचा विचार आपण बहुधा जातीच्या अंगाने करतो. गल्ल्याच्या अंगानेही तो करावयास हवा.

हा विचार केवळ पुस्तकी नाही. प्रवेशाच्या दिवसांत अर्ज तपासण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात शेतमजुरी, गवंडीकाम, रिक्षा असे काही ना काही लिहिलेले असते. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात बहुतेक अर्जांवर एकच शब्द असतो, ‘गृहिणी’. मुलाशी दोन वाक्ये बोलावे तर कळते की आई आठवडी बाजारात चार गावे फिरून बांगड्या विकते, किंवा घरी शिलाई मशीनवर पिको-फॉल करते, किंवा बसस्थानकाबाहेर भजी-वड्याची गाडी लावते. मुले खोटे लिहीत नाहीत. घरात त्या कामाला व्यवसाय म्हणण्याची पद्धतच नसते. ‘आई जरा हातभार लावते’ असे म्हणतात. कित्येक घरांत त्या हातभारावरच वर्षातील सहा महिने चूल पेटत असते.

अशा अदृश्य व्यवसायाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मुंबईच्या गिरणगावातील खानावळवाल्या. लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड या भागांत कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. बायकामुले गावी. या एकट्या पुरुषांना दोन वेळचे जेवण घालणारी बाई म्हणजे खानावळवाली. तिची जागा म्हणजे चाळीतील दहा बाय बाराची खोली, भांडवल म्हणजे एक शेगडी, चार मोठी पातेली आणि दोन हात. गिरणी पाळ्यांत चालत असल्याने स्वयंपाकही पाळ्यांत. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याची भाकरी पहाटेच, रात्रपाळीहून येणाऱ्याचे ताट सकाळी. कोणी घरी येऊन जेवी, कोणाचा डबा गिरणीच्या दाराशी पोहोचवावा लागे.

या व्यवसायाचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. कामगार महिनाभर जेवत आणि पगार झाला की पैसे देत. म्हणजे खानावळवाली कामगाराला महिनाभराचे अन्न उधार देत होती. तिला मात्र तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल रोज लागे. तेव्हा ती वाण्याकडून उधारीवर माल घेई आणि उधारीचा माल नेहमीच महाग पडतो. वाण्याची बाकी वाढली की सावकाराकडे जावे लागे आणि गळ्यातील डोरले गहाण पडे. एका टोकाला बिनव्याजी उधारी देणारी आणि दुसऱ्या टोकाला जबर व्याजाने कर्ज घेणारी ही बाई मध्ये चेपली जात होती. कापड उद्योगाने या सेवेचा मोबदला कधी दिला नाही, तरीही गिरणीचा भोंगा झाल्यावर कामगार पोटात अन्न घेऊन हजर होई तो तिच्यामुळे.

या स्त्रिया खानावळीकडे का वळल्या, याचेही कारण आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत स्त्रिया सुमारे एकपंचमांश होत्या. प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. पुढील दशकांत हे प्रमाण घसरत गेले आणि गिरणी हे जवळजवळ पुरुषांचे क्षेत्र बनले. गिरणीच्या दारातून बाहेर पडलेली, विधवा झालेली, नवऱ्याने टाकलेली, किंवा नवऱ्याची नोकरी सुटलेली बाई चुलीपाशी आली आणि त्या चुलीचाच तिने धंदा केला. तिच्या उद्योजकतेचे कौतुक करताना तिच्यापुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

१९७४ च्या गिरणी संपात या स्त्रियांनी पगार बंद असलेल्या कामगारांना उधारीवर जेवू घातले. संप कामगारांचा होता आणि कर्ज मात्र खानावळवाल्यांवर चढले. कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांच्या नजरेस हे आले. कोवळ्या वयात गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून अतिगरिबांसाठी चार टक्के व्याजाची विभेदक व्याजदर योजनाही कागदावर होती. पण तारण नसलेली, जामीन नसलेली, सही न येणारी बाई बँकेची पायरी चढत नव्हती. चढलीच तर तिला कोणी बसा म्हणत नव्हते. मंडळाने स्त्रियांचे गट केले, एकीने दुसरीची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून छोटी कर्जे मिळवून दिली. ती रक्कम सावकाराला तोंड दाखवायचे टाळण्याइतकीच होती. पण वाण्याकडून रोखीने माल घेता येऊ लागला, की तेवढ्यानेच रोजच्या धंद्यात चार पैसे शिल्लक राहतात. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगारांचा जो संप सुरू झाला, त्याने गिरणगावच मोडून टाकले. गिऱ्हाईकच गावी परतल्यावर खानावळ कोणासाठी चालवायची? संपाच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. उधारीच्या वह्या तशाच राहिलेल्या या बायकांविषयी त्यामानाने थोडेच.

याच मुंबईत १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात गुजराती भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. ‘लिज्जत’ची ती कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून विस्तार करीत नाही. तिच्यातील एकच गोष्ट अधोरेखित करतो. तेथे लाटणारी भगिनी सभासद असते आणि सभासद म्हणून नफ्यातोट्याची वाटेकरी असते. सकाळी मळलेले पीठ घरी न्यायचे, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत द्यायचे, मजुरी घ्यायची. काम घरचे असले तरी मालकी सामूहिक आहे. आज अनेक खाजगी व्यापारी स्त्रियांना घरी अगरबत्ती वळायला किंवा पापड लाटायला देतात आणि त्यालाही ‘महिला उद्योग’ म्हणून फलक लावतात. तेथे स्त्री केवळ नगावर राबणारी मजूर असते. दोन्हींतला फरक विद्यार्थ्यांनी ओळखायला शिकावे.

अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभारली आणि १९७४ मध्ये चार हजार स्त्रियांच्या प्रत्येकी दहा रुपयांच्या भागभांडवलावर तिची सहकारी बँक सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून तिचा पहिला परवाना अर्ज नामंजूर झाला होता. त्या बायका गावी परतल्या, अक्षरे गिरवली आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. व्याजाचा हिशेब तोंडी विचारा, आम्ही सांगतो, अशी त्यांची तयारी होती. माण हा कायम दुष्काळी तालुका. शेळी, कोंबडी आणि दूध यांवर घर चालविणाऱ्या बाईला व्याज कळत नाही, असे मानणाऱ्यांना बाजार कधी कळलेला नसतो.

आता ज्या गोष्टीवर अशा लेखांतून सहसा मौन पाळले जाते, तिच्याकडे वळू. व्यवसायाला भांडवल लागते तसे गिऱ्हाईक लागते आणि आपल्या देशात गिऱ्हाईकाला जात असते. गिरणगावातील खानावळीही गाव, नाते आणि जात यांच्या धाग्यांनी बांधलेल्या होत्या. खुद्द गिरणीत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेतले जात नसे, कारण तेथे बॉबिनचा धागा तोंडाने ओढावा लागे. ते खाते अधिक पगाराचे होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. जेथे धाग्याचाही विटाळ, तेथे भाकरीचे काय झाले असेल, ते वेगळे सांगायला नको. शिजवलेले अन्न विकणे हा स्त्रीसाठी सर्वांत कमी भांडवलाचा व्यवसाय, आणि नेमका तोच आपल्या स्त्रियांसाठी सर्वांत अवघड होता. आजही एखाद्या बचत गटाच्या प्रदर्शनात चटण्या-मसाल्याच्या बरणीवरील आडनाव वाचून बरणी पुन्हा खाली ठेवणारे हात मी पाहिले आहेत. आपल्या स्त्रिया शिवणकाम, भाजीपाला, कापड, कटलरी यांकडे अधिक वळल्या, त्यामागे आवडीपेक्षा हा अनुभव अधिक आहे, असे माझे मत आहे.

या पार्श्वभूमीवर फलटणच्या एका लहानशा दुकानाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ते दुकान बेबीताई कांबळे यांचे. ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाच्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. दुकानदार म्हणून फारसे ओळखत नाही. १९२९ साली जन्मलेल्या बेबीताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला. नवऱ्याला नोकरी नव्हती. नवरा-बायकोंनी फळे-भाजी विकण्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू किराणा मालाचे दुकान उभे केले. गिऱ्हाईक मुख्यतः आपल्याच वस्तीतील. सवर्ण गिऱ्हाईक येणार नाही हे गृहीत धरून, वस्तीला रोज लागणारे मीठ, तेल, चहा, साखर वस्तीतच मिळावे, या गरजेवर तो व्यवसाय उभा राहिला. व्यापारशास्त्राच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते असो. व्यवहारात हे शहाणपण फार मोठे आहे.

त्या दुकानात आणखी एक व्यवहार चालला होता, तो वहीत कोठे नोंदला गेला नाही. माल बांधायला आणलेल्या रद्दीतील छापील कागद बेबीताई पुड्या बांधण्याआधी वाचून काढीत. वाचनाची भूक वाढली, तशी ग्रंथालयातील पुस्तके आली. पुढे गल्ल्यावर बसल्या बसल्या त्या लिहू लागल्या आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेआड ठेवू लागल्या. नवऱ्याला कळू नये म्हणून हे लेखन कित्येक वर्षे लपविलेले होते. फलटणमध्ये संशोधन करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते ‘स्त्री’ मासिकातून प्रसिद्ध झाले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. दुकानाने त्यांना पैसा दिला, तसा दिवसातील काही तासांचा स्वतःचा कोपराही दिला. पण याच कथेची दुसरी बाजूही त्यांनी निर्भयपणे सांगितली आहे. व्यवसाय सांभाळणारी, संसार ओढणारी ही बाई घरात नवऱ्याचा मारही सोसत होती. चळवळीतल्या घरातही हे होते. कमाईने स्त्रीला आपोआप स्वातंत्र्य मिळते, असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षपूर्वक वाचावे. पुढे बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे येथे मागासवर्गीय मुलांसाठी आश्रमशाळा चालविली. आपल्यासारख्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांची आठवण काढण्यास तेवढे एक नातेही पुरेसे आहे.

लहान व्यवसाय लहानच का राहतो, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न आहे. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या समस्येवर एक निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा किती एकरांचा आहे यावरून तो लहान की मोठा ठरत नाही. त्याच्या जोडीला भांडवल, अवजारे, जनावरे किती आहेत यावर ते ठरते, असे त्यात त्यांनी दाखविले. हा युक्तिवाद शेतीपुरता राहू नये. शिलाई मशीनवर बसलेल्या बाईचे कौशल्य मोठे असते. वेळही ती बारा-बारा तास देते. तिच्याकडे कापड घाऊक भावाने घेण्याइतकी रोकड नसते, मशीन ठेवायला स्वतःची जागा नसते आणि माल तालुक्याबाहेर नेण्याची सोय नसते. सहाव्या आर्थिक गणनेनुसार, म्हणजे २०१३-१४ मध्ये, देशातील एकूण आस्थापनांपैकी स्त्रियांच्या मालकीची आस्थापने सुमारे १४ टक्के होती आणि त्यांतील दहापैकी आठांहून अधिक आस्थापनांत एकही पगारी माणूस नव्हता. मालकीण, कारागीर, हमाल आणि वसुली कारकून, सर्व तीच.

असे असताना आपण तिच्यासाठी काय करतो? ८ मार्चला शाल-श्रीफळ देतो, ‘उद्योगिनी’ म्हणून फोटो काढतो आणि तिच्याकडून वस्तू घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट मोजणारे हेच हात. त्याहून वाईट म्हणजे उधारी. ओळखीच्या बाईकडून ब्लाऊज शिवून घ्यायचा आणि शिलाई पुढच्या महिन्यावर ढकलायची, हे सुशिक्षित नोकरदार घरांतही चालते. गिरणी कामगाराला निदान महिनाअखेरपर्यंत पगार हाती नसे; आपल्याला तीही सबब नाही. सत्कारापेक्षा रोख पैसे वेळेवर देणे हा अधिक मोठा सन्मान आहे.

सरकारी योजनांची यादी येथे देत नाही, ती कोणत्याही कार्यालयात मिळते. मात्र दोन गोष्टी आपल्या पालकांना माहीत असाव्यात. ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि किमान एका स्त्रीला नव्या उद्योगासाठी १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्ज द्यावे, अशी कल्पना होती. आपल्या समाजातील स्त्री या दोन्ही वर्गांत मोडते, तरी तिच्या वाट्याला बहुधा गटकर्जाचे वीस-पंचवीस हजारच येतात. दुसरी गोष्ट पथारीवाल्या स्त्रियांची. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया. भाजीची पाटी उचलून गाडीत टाकली जाते तेव्हा हा कायदा फार थोड्या जणींना आठवतो, कारण तो त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गल्ल्यातील पैसा कोणाचा? इंग्रजी राजवटीत १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. स्वतःच्या व्यवसायातून किंवा कौशल्यातून पत्नीने मिळविलेले उत्पन्न तिचे स्वतंत्र धन आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पण हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना तो कायदा लागू नव्हता! म्हणजे या देशातील बहुसंख्य स्त्रिया त्यातून वगळल्या गेल्या. हिंदू विधिशास्त्रात स्त्रीधनाची कल्पना होती, तिचा गौरव करणारे आजही भेटतात. तथापि विवाहित स्थितीत स्वकष्टाने मिळविलेल्या द्रव्यावर पतीच्या हयातीत पतीचे नियंत्रण मानले जाई आणि काही संप्रदायांत तर ते तिचे स्त्रीधनच धरले जात नसे. माहेरून मिळालेला दागिना तिचा. स्वतः दळून-कांडून मिळविलेला रुपया मात्र तिचा नाही. या विसंगतीवर थोडे थांबून विचार करावा.

कायदेमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी पुढे रेटलेल्या हिंदू संहिता विधेयकात स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची करण्याची तरतूद होती. संसदेत ते रेंगाळले, मोजकी कलमे संमत होऊन बाजूला पडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. नंतर ते विधेयक तुकड्या-तुकड्यांनी संमत झाले. १७ जून १९५६ रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची संपूर्ण मालकी मान्य केली. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात वारसा, देणगी, खरेदी यांच्या बरोबरीने स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळविलेल्या मालमत्तेचाही नामनिर्देश आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाला दिलेले हे कायदेशीर उत्तर होय. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, म्हणून तो अमलात आल्यानंतर चारच महिन्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेणाऱ्या लक्षावधी स्त्रियांचा हा हक्क धर्मांतराने बाधित झाला नाही.

मात्र त्याच कायद्याचे पंधरावे कलम व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने ऐकले पाहिजे. मृत्युपत्र न करता स्त्री मरण पावली तर तिची मिळकत प्रथम मुले आणि पती यांना जाते. ते कोणी नसतील तर दुसरा क्रम तिच्या आईवडिलांचा नाही. तो पतीच्या वारसांचा आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले. लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झालेली, सासरहून बाहेर काढलेली एक स्त्री माहेरी शिकली, नोकरीला लागली आणि मृत्युपत्र न करता वारली. तिला शिकविले माहेरने. तिची स्वकष्टार्जित रक्कम मात्र कायद्याच्या शब्दानुसार पतीच्या नातेवाइकांना मिळाली. टाकलेल्या, एकट्या, निपुत्रिक स्त्रिया लहान व्यवसायांत पुष्कळ आहेत, हे गिरणगावच्या इतिहासात आपण पाहिलेच. त्यांच्यासाठी ही तरतूद फार घातक आहे.

यावर उपाय साधा आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. मुद्रांक लागत नाही. ते हस्तलिखित असले तरी चालते. त्यावर करणारीची सही किंवा अंगठा आणि तिच्या समक्ष दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेतलेली बरी. मशीन, गाडी, दुकानातील माल, बँकेतील शिल्लक, येणे असलेली उधारी, हे सर्व त्यात नावानिशी लिहावे. बँक खात्यावर वारसनोंद वेगळी करावी लागते, आणि ती केल्याने मृत्युपत्राची गरज संपत नाही. उच्च माध्यमिक वर्गातील मुलींना असा मसुदा एका तासात शिकविता येतो.